गाडीची पलीकडची बाजू

दादा गेल्यापासून त्याची काळी गाडी अंगणात धूळ खात उभी होती. वहिनीनं ती विकायचं ठरवलं, तेव्हा धाकट्या भावानं पॉलिशचं काम अंगावर घेतलं.

उन्हात रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसत होते. अलीकडच्या दोन दारांवरचे घालवता घालवताच त्याचे खांदे भरून आले. आठवडाभराचा शीण अंगात होताच. त्यानं मशीन बंद केलं आणि तो गाडीला टेकून मटकन खाली बसला.

तेव्हा पलीकडून फडकं घासल्याचा आवाज आला. सावकाश, गोल गोल.

"राहू द्या वहिनी, ती बाजू मी करतो," तो डोळे मिटूनच म्हणाला.

आवाज थांबला नाही.

तो कसाबसा उठला आणि वळसा घालून पलीकडे गेला. तिथं कुणीच नव्हतं. पण ज्या दारांना त्यानं हातही लावला नव्हता, ती लख्ख चमकत होती. त्यानं तळवा टेकवला. सावलीतला तो पत्रा घासून घासून कोमट झाला होता.

आता आवाज अलीकडून येऊ लागला.

वहिनी चहा घेऊन पायरीवर आली होती. तिची नजर त्याच्यावर नव्हती. तो मघाशी बसला होता, तिथं खिळली होती.

"भावजी," ती हळूच म्हणाली, "तिकडेच थांबा. इकडे येऊ नका."