तडीपाराची मुदत

"विक्की दिसला म्हणते," दिव्यानी कुंपणापलीकडून म्हणाली. "इकडच्या काठाले."

संघप्रियाचा पाय शिलाई मशीनवरच थांबला. ब्लाउजची बाही सुईखाली अडकून राहिली.

"कोणी पाह्यलं?"

"साऱ्याइनंच. भर दुपारी घाटावर उभा होता. अन् तुह्याबद्दल विचारून राह्यला होता. संघप्रियावहिनी मोहफूल वेचाले कोणीकडं जाते म्हणून. काऊन बाप्पा?"

"मले काय माहीत?" संघप्रिया म्हणाली आणि बाही उसवायला लागली.

विक्की गडचिरोली जिल्ह्यातून दोन वर्षांसाठी तडीपार होता. वैनगंगा ओलांडली की चंद्रपूर जिल्हा. तिकडे ब्रह्मपुरीला राहायचं, या काठाला पाऊल ठेवायचं नाही, असा हुकूम. दारूबंदीच्या जिल्ह्यात नदीपलीकडून डोंग्यातून दारूच्या पेट्या आणायच्या, आडवा येईल त्याला झोडपायचं, पकडलं की जामिनावर सुटून पुन्हा तेच. शेवटी पोलिसांनी त्याला सराईत ठरवलं. पण त्यासाठी गावातलं कुणीतरी बोलायला हवं होतं. म्हाताऱ्या दादाजीनं पेटी फोडली म्हणून विक्कीनं चौकात त्याचा हात मोडला, तेव्हा सगळ्या गावानं पाहिलं. आणि पोलीस आले तेव्हा कुणीच काही पाहिलं नव्हतं.

संघप्रिया बोलली होती. बंद खोलीत. साहेब म्हणाले होते, "तुमचं नाव कुठंच येणार नाही. गोपनीय साक्षीदार, एवढंच." तिनं ते नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. धनराज आता तेलंगणात मिरची तोडायला गेला होता, आणि विक्कीची मुदत येत्या सोमवारी संपत होती.

तिनं ठाण्यात फोन लावला.

"मुदत संपतच आली बाई," जमादार म्हणाला. "आता दोन-चार दिवसांसाठी कुठं शोधत बसू? दिसला तर कळवा."

"साहेब, माह्यं नाव..."

"ते गुप्तच आहे. तुम्ही घाबरू नका."

दुसऱ्या दिवशी बोअरिंगवर इंदुताई भेटली. विक्कीची माय. पोरगा तडीपार झाल्यापासून ती संघप्रियाशीच काय, कुणाशीही धड बोलत नव्हती. आज तिनं बादली खाली ठेवली आणि संघप्रियाचं मनगट धरलं. हात थंडगार होता.

"धनराज कई येते वापस?"

"येईल... आजउद्या."

"खोटं नोको बोलू बाई. एकटीच आहेस ना घरी?"

संघप्रिया भरलेली घागर तिथंच टाकून घरी आली. दाराला आतून कडी घातली, तरी बाहेर कुत्रं भुंकलं की ती उठून कडी चाचपायची. लेकीला तिनं माहेरी पाठवून दिलं. स्वतःही जाणार होती, पण मोहफूल थोडेच दिवस पडतं. आपण नाही वेचलं तर गुरं खातात, नाहीतर दुसरं कुणी नेतं. बायकांच्या घोळक्यात कोण काय करणार, असं म्हणून ती टोपली घेऊन निघाली.

मागच्याच महिन्यात शेजारच्या गावातल्या एका बाईला वाघानं मोहाखालून ओढत नेलं होतं. त्यामुळे वेचता वेचता एकमेकींना हाका मारत राहायचं, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. संघप्रियाचं झाड नाल्याच्या अंगाला होतं. दिव्यानीची हाक यायची, ही "हो" द्यायची. खाली वाकलं की पाठ उघडी पडल्यासारखी वाटायची. चार फुलं वेचायची, मागं बघायचं. पुन्हा चार फुलं.

पाठीमागे पाचोळा वाजला.

वाघ, असं तिच्या मनात आलं. वळून पाहिलं, तेव्हा वाघ असता तर बरं झालं असतं असं वाटलं.

विक्की उभा होता. हातात कुऱ्हाड.

"ओरडू नोको," तो म्हणाला.

तिला ओरडता आलंच नसतं.

"माह्या विरोधात बयान तूच दिलं होतं ना?"

"कोणतं बयान? मले काई माहीत नाई."

"दादाजीले मारलं तवा एकटी तूच मधात धावली होती, वहिनी. बाकीच्याइची हिंमत तरी होते का? नोटीस वाचली तवाच समजलो मी."

म्हणजे दोन वर्षं याला माहीत होतं.

"माही पोरगी लहान आहे, विक्की."

"संघप्रिया वोऽऽ" दिव्यानीची हाक आली.

विक्कीनं कुऱ्हाड जरा वर केली. "हो दे. नाई त साऱ्या इकडं येतील."

तिनं "हो" दिली. तो आवाज तिला स्वतःचा वाटला नाही. विक्की दोन पावलं पुढं आला. ती मागं सरली आणि तिची पाठ झाडाला टेकली. आता सरायला जागा नव्हती. तिनं डोळे मिटून घेतले.

काहीतरी धप्पकन खाली पडलं. तिनं डोळे उघडले. कुऱ्हाड जमिनीवर होती आणि विक्की तिच्या पायाशी बसला होता.

"तिकडं राईस मिलमंदी हमाली करून राह्यलो," तो म्हणाला. "दोन वर्षांत बाटलीले हात नाई लावला. परवा दारूवाल्या मालकाचा माणूस आला. म्हणे, सोमवारपासून डोंगा तूच चालवशील, नाई त मायले पाहून घेऊ. तडीपार माणसाले तो कामाले लावत नाई. पकडल्या जाईन मी, अन् माल जाईन त्याचा." त्यानं कुऱ्हाड तिच्याकडं सरकवली. "हे घे अन् आत्ताच ठाण्यात जा. विक्की मारायले आला होता म्हणून सांग. तुह्या पाया पडतो वहिनी, मले अजून एकदा तडीपार कर."