मांडीवरचं दही

जे. पी. नगरहून निघताना मी दूध विरजून डबा ह्यांच्या मांडीवर ठेवला. नजर अधू झाल्यापासून ह्यांचं गाडी चालवणं सुटलं, पण सूचना सुटल्या नव्हत्या. डबा सांभाळताना तोंड बंद राहील, असा माझा बेत. घाटातल्या अरुंद वळणावर समोर बस आली. “अक्का, स्वल्प रिव्हर्स!” बसचा ड्रायव्हर कानडीत ओरडला, जरा मागे घ्या म्हणून. डावीकडे दरी, मागे उतार आणि आमची कॅम्परव्हॅन म्हणजे चाकांवरची खोली. मी इंचाइंचाने गाडी मागे घेतली. ह्यांनी चकार शब्द काढला नाही. बस गेली. माथ्यावर थांबून डबा उघडला. दही घट्ट लागलं होतं, पाणीही सुटलं नव्हतं. “गप्प कसे बसलात?” “बोललो असतो, तर दही हललं असतं.” डबा उचलायला गेले, तर माझेच हात थरथरत होते. “दे इकडे, दही मोडशील!” ही सूचना मात्र मुकाट्याने पाळली.