रेखाटनाखालचं नाव

दादाच्या प्रबंधातल्या मुंग्यांची सगळी चित्रं धाकटीनं काढली. सूक्ष्मदर्शकात बघून बघून तिची मान धरली होती. चित्रांखालच्या ओळी संगणकावर बसवायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं, पण तिनं तेही हौसेनं केलं.

"प्रत्येक चित्राखाली 'रेखाटन' आणि पुढे माझं नाव येतंय," तिनं दादाला समजावलं. "लग्नानंतर आडनाव कुठलं लावायचं, ते माझं अजून ठरेना. म्हणून नाव फाइलच्या सुरुवातीला एकदाच लिहून ठेवलंय. तिथं बदललं की अख्ख्या प्रबंधात आपोआप बदलतं. छपाईला देताना मला विचार आणि तेवढी एक ओळ बदल."

"गुणाची गं माझी बहीण," दादा म्हणाला.

बांधून आलेला प्रबंध आईनं कौतुकानं धाकटीच्या मांडीवर ठेवला. तिनं पहिलं चित्र उघडलं, मग दुसरं, मग घाईघाईनं एकदम शेवटचं. सगळ्यांखाली एकच: 'रेखाटन : संशोधक स्वतः'.

"तुझी ती युक्ती फार कामाला आली हं," दादा पेढ्यासारखं गोड हसून म्हणाला.



अख्ख्या प्रबंधात त्यानं तिची फक्त एक ओळ बदलली होती.