मसुराचं कढण

गुडघ्यांनी तारामतीबाईंना पार जेरीस आणलं होतं. बरकतपुऱ्यातले डॉक्टर म्हणाले, “अम्मा, अंगात प्रोटीन नाही, कॅल्शियम नाही. अंडी-मटण सुरू करा.” बाईंनी गळ्यातली तुळशीची माळ मुठीत धरली. “पाय गेले तरी बेहत्तर!”

दुसऱ्या दिवसापासून, जन्मात कधी पाण्याचा पेला न भरलेला त्यांचा विकास भल्या सकाळी ओट्यापाशी उभा राहू लागला. “आई, मसुराचं कढण केलंय. सगळी ताकद डाळीतच असते.” लसूण-मिरं घातलेलं ते दाट, चिकट कढण बाई वाटी पुसून संपवायच्या. तीन महिन्यांत त्या कठडा न धरता जिना चढायला लागल्या. भजनी मंडळात तर त्यांनी ठणकावूनच सांगितलं, “मटण खाणाऱ्यांनी बघावं डाळीचं बळ! आणि लेक असावा तर असा.”

आज पूजेचं सामान घ्यायला त्या विकासच्या स्कूटरवर मागे बसून अफझलगंजला निघाल्या. सिग्नलला गाडी थांबली, ती नेमकी एका हॉटेलासमोर. दारातच मोठ्या देगेत बकऱ्याचे पाये रटरटत होते. बाईंनी पदर नाकाला लावला. “शी! कसं खातात रे लोक हे?”

विकास सिग्नलकडे बघत राहिला.

तेवढ्यात देगेमागच्या चाचांनी त्याला ओळखून हात केला, “विकासभाई, आज डब्बा नक्को क्या? अम्मा के घुटने अब कैसे हैं?”