छत उघडणारी गाडी

चौथं गिऱ्हाईकही बाबांनी परत पाठवलं, तेव्हा देवयानीने जाहिरातीतला त्यांचा नंबर काढून स्वतःचा टाकला.

"या मुलात काय वाईट होतं?" तिने विचारलं.

"बॉनेटवर कोपर टेकून उभा राहिला," अविनाश म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले.

गाडी जेमतेम आठ महिन्यांची होती. पिवळीधमक, रुंद छातीची, आठ सिलिंडरची. एक बटण दाबलं की छत घडी होऊन मागे जाऊन बसायचं. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधून तीस वर्षं स्कूटरने ऑफिस गाठणाऱ्या माणसाने सदुसष्टाव्या वर्षी असली गाडी घ्यावी, याची चर्चा नोएडातल्या त्यांच्या सोसायटीत अजून संपली नव्हती. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. एकटेपणाने बाबा जरा भरकटलेत, असं देवयानीला वाटे. फोन उचलला नाही की तिला ती गाडी कुठेतरी उलटलेली दिसे. शेवटी दिवाळीत तिने सरळ सांगितलं, गाडी विका आणि माझ्याकडे गुडगावला राहायला या. खोली तयार आहे.

अविनाश भांडले नाहीत. "विकू," एवढंच म्हणाले. "फक्त कुणाला द्यायची ते मी ठरवणार."

ते भांडले असते तर बरं झालं असतं, असं तिला तेव्हापासून वाटत होतं.

पाचवा फोन मराठीत आला. बाईंनी आपलं नाव भानुमती सांगितलं आणि रविवारी दुपारी येऊ का, असं विचारलं.

आल्या त्या मेट्रोने. साठीच्या, सडपातळ, सुती साडीवर पूर्ण बाह्यांचा स्वेटर. पहाडगंजच्या मराठी शाळेत त्यांनी गणित शिकवलं होतं. अविनाशनी नमस्कार केला, त्यांनीही केला. गाडीभोवती एक चक्कर मारून त्या थांबल्या. मायलेज नाही, सर्व्हिसिंग नाही, त्यांनी काहीच विचारलं नाही.

"काकू, गाड्यांचा शौक आहे तुम्हाला?" देवयानीने विचारलं.

"हौस म्हण. शौक मोठ्या लोकांना असतात."

"मग चालवून बघा ना."

"मला चालवता येत नाही."

देवयानीने बाबांकडे पाहिलं. ते काच पुसत होते. "मग ड्रायव्हर ठेवणार?"

"आहे एक ओळखीचा," भानुमतीबाई म्हणाल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या. छत उघडायच्या आधीच त्यांनी डोक्याला स्कार्फ बांधला. मागे वळून म्हणाल्या, "जॅकेटची चेन लाव ग. मागे वारा फार लागतो."

एक्सप्रेसवेला लागले तोवर धुकं विरळ झालं होतं. जानेवारीचं ऊन दुधात हळद पडावी तसं पसरलं होतं. अर्धवट बांधलेले उंच टॉवर एकेक करून मागे सरले आणि मग दोन्ही बाजूंना नुसतं आकाश उरलं. इंजिनाची घरघर पाठीतून वर चढत होती. देवयानीने मान मागे टाकली. वर एक घार तरंगत होती, बराच वेळ तशीच, जणू गाडी जागची हललीच नव्हती.

तिचे डोळे मिटू लागले. तिला स्कूटर आठवली. ती पुढे उभी, मागे आई, आणि इंडिया गेटच्या रस्त्यावरची गरम, जांभळांच्या वासाची हवा. डोळे किलकिले केले तर पुढे बाबांचे पांढरे केस उडत होते आणि शेजारी स्कार्फचं टोक फडफडत होतं. दोघं एक शब्दही बोलत नव्हते. क्षणभर तिला वाटलं, आईच बसली आहे. सगळं होतं तसंच आहे, आणि आता कुणीतरी मागे वळून विचारेल, "झोपलीस का ग?"

"झोपलीस का ग?" भानुमतीबाईंनी विचारलं.

गाडी चहाच्या टपरीपाशी थांबली होती. देवयानीने घाईने डोळे पुसले. वाऱ्याने पाणी आलं, असं म्हणाली.

चहा पिताना ती बराच वेळ बाबांकडे पाहत राहिली. गेल्या कित्येक वर्षांत तिने त्यांचा चेहरा इतका मोकळा पाहिला नव्हता. ती त्यांना बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "बाबा, राहू दे. नका विकू. माझं चुकलं."

अविनाशनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुला शब्द दिलाय, देवी. आणि आता यांना नाही म्हणणं बरं दिसणार नाही."

"मी घेणार आहे," पलीकडून भानुमतीबाई शांतपणे म्हणाल्या. त्यांनी किमतीत काही घासाघीस केली नाही.

घरी येऊन त्यांनी डायनिंग टेबलावर चष्मा लावून ट्रान्सफरचा फॉर्म भरला. भरताना एकदा थांबल्या, पेन उचललं, आणि मग पुढची ओळ एका दमात लिहून टाकली. फॉर्म देवयानीकडे सरकवून त्या उठल्या.

"तू एकदा नीट वाचून घे. मनात काही राहायला नको."

"मी यांना मेट्रोपर्यंत सोडून येतो," अविनाश म्हणाले. दारात ते थबकले, काहीतरी बोलणार होते, पण लिफ्ट आली.

घर एकदम रिकामं झालं. तिने खिडकीतून खाली पाहिलं. गाडीचं छत उघडत होतं. बाबांची गाडीतली ही शेवटची चक्कर, तिच्या मनात आलं. गुडगावच्या खोलीत त्यांचा पलंग खिडकीशी लावायचा, तिने ठरवलं.

मग ती फॉर्म घेऊन बसली. चॅसिस नंबर बरोबर होता. इंजिन नंबर बरोबर होता. विकणाऱ्याचं नाव, अविनाश गोपाळ कर्णिक. त्याच्याखाली, घेणाऱ्याच्या पूर्ण नावाच्या रकान्यात, शाळेतल्या फळ्यावर असतं तशा ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं : भानुमती अविनाश कर्णिक.