दुसऱ्या दुकानातलं कुलूप

"सुया," बायको म्हणाली. "मालिश नाही. मी विचारलंय."

"कुणाला विचारलंस?"

"चहा निवतोय," ती म्हणाली आणि आत गेली.

कुलूपवाला कमरेवर हात ठेवून तसाच बसून राहिला. तीन महिने पाठ ठणकत होती. आधी वाकताना, मग उठताना, आता नुसतं पडलं तरी. तपासणी झाली होती. दुकान बंद ठेवायला नको म्हणून रिपोर्ट बायकोच घेऊन आली. वयाची झीज आहे, एवढंच तिने सांगितलं. वय तर तिचंही झालं होतं. तिची नव्हती झीज होत.

सुया टोचणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे तो दोनदा जाऊन आला. अर्धा तास पालथं पडायचं, हलायचं नाही, शिंकायचं तर अजिबात नाही. दुखणं संध्याकाळपर्यंत कुठेतरी जायचं आणि घर सापडल्यासारखं परत यायचं. उलट दुकानाशेजारचा चष्मेवाला कोपऱ्यावरच्या मालिशवाल्याचे गोडवे गायचा. "अहो, काय हात आहे त्याचा. अंगठ्याने असं दाबलं, कट् झालं, आणि दुसऱ्या दिवशी मी दोन-दोन पायऱ्या चढलो."

हे त्याने घरी सांगितलं, तेव्हा बायकोच्या हातातली वाटी खाली पडली.

"त्याच्या दारात पाऊल टाकायचं नाही. माझी शपथ आहे."

आता मालिश नको, हे ठीक. पण त्यासाठी शपथ? तीस वर्षं कुलपांत घालवलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. रिकाम्या पेटीला कोणी कुलूप लावत नाही.

मग त्याला एकेक दिसायला लागलं. बायकोने भांडणं सोडलं होतं. सव्वीस वर्षं ओल्या टॉवेलवरून रोज होणारं भांडण एकाएकी बंद. त्याच्या हातून हत्यारांची पेटी काढून घेऊन ती स्वतः दुकानापर्यंत आणून द्यायची. न्हाणीघरात रबरी चटई आली. एवढे लाड कुणी उगाच करतं का? मनात खोट असली की माणूस गोड होतो, असं त्याचं मत होतं.

सोमवारी भर दुपारी एका गिऱ्हाइकाचं अडकलेलं दार उघडून तो परत येत होता. कोपऱ्यावर आला आणि थबकला. मालिशवाल्याच्या दारातून त्याची बायको बाहेर पडत होती. पदराने डोळे पुसत.

"दुपारी कुठे गेली होतीस?" त्याने जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मी कुठे जाणार? घरीच होते."

दुसऱ्या दिवशी ती भाजी आणायला गेल्यावर त्याने कपाट उघडलं. आत तिची पत्र्याची पेटी होती. पेटीला कुलूप होतं. नवं कोरं, आणि त्याच्या दुकानातलं नाही. कुलूपवाल्याची बायको दुसऱ्याच्या दुकानातून कुलूप आणते, याचं त्याला जेवढं वाईट वाटलं, तेवढं त्या मालिशवाल्याच्या दाराचंही वाटलं नव्हतं.

तिच्याच केसांच्या आकड्याने त्याने ते उघडलं. अर्धं मिनिट लागलं. मालही हलकाच होता. आत तिच्या आईची अंगठी, दवाखान्याचं पाकीट, आणि दुकानाच्या परवान्यासाठी काढलेले त्याचे फोटो. आठ काढले होते, निघाले सात. पाकीट बाजूला सारलं, तर खाली मालिशवाल्याचं कार्ड.

आठवा फोटो कुणाला दिला हिने? हा माणूस दिसला तर सावध राहा, म्हणून?

मूलबाळ नव्हतं. ती, तो आणि दुकान, एवढाच संसार. ती गेली तर संध्याकाळी दुकान बंद करून जायचं कुठे?

त्याने कार्डावरचा नंबर लावला. "कुलूपवाला बोलतोय. पाठ दाखवायची होती."

पलीकडून आवाज आला, "महिनाभर जागा नाही हो."

दहा मिनिटांनी त्याने चष्मेवाल्याला फोन करायला लावला. त्याला आजच पाचची वेळ मिळाली.

"कुठेतरी पाणी मुरतंय बरं का," चष्मेवाला म्हणाला.

पाचला कुलूपवालाच जाऊन उभा राहिला. मालिशवाला टॉवेलच्या घड्या घालत होता. तिशीतला, दणकट, दिसायला बरा. बरा दिसतो, हेही त्याच्या विरुद्धच गेलं.

"शर्ट काढू?" कुलूपवाल्याने विचारलं.

मालिशवाला दोन पावलं मागे सरकला. त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले. "नको. तुम्ही बसा. पाणी आणतो."

"माझी बायको येते ना इथे?"

"एकदाच आल्या होत्या."

"आणि रडत बाहेर पडली. काय केलंस तू तिला?"

"काका, तुम्ही त्यांनाच विचारा. मी शब्द दिलाय." एवढं बोलून तो आत गेला.

काका म्हणतो, निर्लज्ज. कुलूपवाल्याच्या मुठी वळल्या. टेबलामागे फोनच्या वर वेळापत्रक लावलेलं होतं आणि त्याच्या बाजूला, टाचणीने टोचलेला, आठवा फोटो. तो टेबलाला वळसा घालून जवळ गेला. फोटोखाली एक चिठ्ठी होती. अक्षर बायकोचं होतं.

"हे आले तर अंगाला हात लावू नका. आजार हाडांत पसरलाय, दाबलं तर मोडतील. काहीतरी कारण सांगून परत पाठवा. किती दिवस उरलेत, ते त्यांना सांगितलेलं नाही."