मापापुरता माणूस

आर्किटेक्टला खोडच होती: इमारतीची उंची कळावी म्हणून नकाशात शेजारी एक माणूस काढायचाच. रविवारी रंगवलेल्या डोंगरात मात्र त्याने मुद्दाम कुणालाच काढलं नव्हतं. तरी सोमवारी ऑफिसातल्या त्या चित्रात, पायवाटेवर, माणूस उभा होता.

"माझ्या चित्राला हात कशाला लावलास?" त्याने भागीदाराला दरडावलं.

"मला काय तुझ्या डोंगरात घर बांधायचंय?"

संशय काही फिटेना. मंगळवारी माणूस पायथ्याशी उतरला होता. आर्किटेक्टने चित्र कपाटात कोंडलं आणि किल्ली खिशात टाकली.

बुधवारी कपाट उघडलं, तर डोंगर रिकामा. हायसं वाटून तो टेबलाकडे वळला. तिथे पसरलेल्या त्याच्याच घराच्या नकाशात, माडीवर, तो माणूस उभा होता. पावलं हिरवी, अजून ओली.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "अहो, कधीची हाका मारतेय! घरी आलात तर माडीवरून ओ तरी द्या."